बुरशीची गोष्ट कोणाची?

ताई, नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. वय ३९. फोर्टमध्ये एका विमा कंपनीत नोकरी करते. घरी नवरा, सासूबाई, सहावीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, पण आठवड्यातले तीन दिवस तो घरूनच काम करतो.

आमच्या घरात रोज काही ना काही घडतं आणि ते रंगवून सांगायची मला हौस आहे. रात्री दहा वाजता मुलाला आठवतं की उद्या शाळेत पोस्टमन होऊन जायचंय. पाहुणे आले की तो त्यांना सांगतो, "बेल वाजली की आई आधी ‘अरे देवा’ म्हणते, मग दार उघडते." नवरा वाण्याच्या दुकानातून व्हिडिओ कॉल करून विचारतो, यातली तूरडाळ कुठली आणि चणाडाळ कुठली. मी तेव्हा कुर्ल्याला, लेडीज डब्यात चेंगरलेली. कसाबसा फोन वर धरला तर आजूबाजूच्या चारजणी एकदम ओरडल्या, "डावीकडची तूर!" हे सगळं मी गाडीत सांगते, सोसायटीच्या महिला ग्रुपवर लिहिते. बायका हसून हसून दमतात, "आज काय नवीन?" म्हणून विचारतात. दिवसभरात मला तेवढाच काय तो विरंगुळा.

जुलैमध्ये मुलीच्या दप्तराला वास यायला लागला. शोधलं तर रेनकोटच्या खिशात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चार दिवसांची लाल भोपळ्याची भाजी आणि वर हिरवी-पांढरी बुरशी. रोज रिकामा डबा दाखवून बाई शाबासकी घेत होत्या! विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आई, फेकू नकोस. विज्ञानाचा प्रयोग आहे. बुरशी वाढवतेय." मला हसू आवरेना. फोटो काढला आणि गोष्टीसकट ग्रुपवर टाकला. आता बिल्डिंगमधली मुलं तिला ‘बुरशी’ म्हणून हाक मारतात, स्कूलबसमध्येही तेच. महिना झाला, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा तिच्या खोलीत गेले तर म्हणाली, "हे पण ग्रुपवर टाकणार आहेस का?"

सासूबाईंचं अर्धं आयुष्य गिरगावच्या चाळीत गेलंय. त्या म्हणतात, घरातलं बाहेर सांगायचंच कशाला? नवरा म्हणतो, एवढं काय, गंमतच तर होती, दोन दिवसांत विसरतील सगळे. मी काय करू? सांगणं, हसणं सगळंच बंद करू का?

— एक आई, डोंबिवली

ता. क. शनिवारी शाळेत पालकसभा आहे. वर्गशिक्षिकेच्या कानावर हे घालावं का?

* * *

प्रिय मैत्रीण,

हसणं बंद करू नका आणि सांगणंही बंद करू नका. पण आधी मुलीचं बघा, बाकी सगळं नंतर.

चार दिवस खोटं बोलून तिने शाबासकी घेतली, हे चुकलंच. पण पकडली गेल्यावर अकरा वर्षांच्या पोरीने जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं. रडली नाही, धाकट्या भावावर ढकललं नाही, उभ्या उभ्या प्रयोगशाळा काढली! आणि प्रयोग काही फसलेला नव्हता. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना ओलसर शिजलेलं अन्न, बंद पिशवी आणि जुलैची दमट हवा मिळाली की चार दिवस पुरतात. पोरीला विज्ञान कळतं.

ते उत्तर तिने तुम्हाला दिलं होतं, एकट्या तुम्हाला. आई आता रागावणार की हसणार, याचा अंदाज घेत ती उभी असेल. तुम्ही हसलात तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला असेल. आणि थोड्याच वेळात तेच उत्तर सगळ्या सोसायटीच्या फोनवर गेलं. म्हणून मला वाटतं, तिचा राग तुमच्या हसण्यावर नसावा. आईपाशी झालेली गोष्ट आईपाशी राहत नाही, हे तिला कळलं, त्याचा तो राग आहे. "हे पण ग्रुपवर टाकणार आहेस का?" हा तुम्हाला टोमणा वाटला असेल. मला तो सरळ प्रश्न वाटतो. तिला उत्तर हवंय. येत्या दोन-तीन वर्षांत तिच्या आयुष्यात पाळी येईल, मैत्रिणींशी भांडणं होतील, कोणीतरी आवडायला लागेल. तेव्हा ती पहिल्यांदा कोणाकडे जाईल, हे तिच्या या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता त्यावर बरंचसं ठरणार आहे. म्हणून मी एवढी कळकळीने लिहितेय.

तर उत्तर द्या. "नाही टाकणार. तो फोटो तुला न विचारता टाकला, ती माझी चूक होती." एवढंच. त्यापुढे ‘पण’ लावू नका. "पण मला ते इतकं गोड वाटलं", "पण तूसुद्धा खोटं बोललीस", "पण सगळ्यांना तू किती आवडतेस", यातला कुठलाही ‘पण’ आला की माफी तिच्याकडून निघून तुमच्याकडे वळते. आइस्क्रीम, नवं कंपासबॉक्स असलंही काही बरोबर आणू नका, त्याने सौदा केल्यासारखं होतं. सासूबाई आणि धाकटा समोर असताना तर नकोच. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून बोलायला गेलं की ती अवघडतात, शेजारी चालताना सैल होतात. संध्याकाळी फडके रोडला काहीतरी आणायचं निमित्त काढा, दोघीच जा आणि चालता चालता बोला. ती गप्प राहील कदाचित. राहू द्या. लगेच "सोडलंस ना मला?" असं विचारून तिच्याकडून उत्तर वसूल करू नका.

आता फोटोचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढायला जेमतेम दोन दिवसांची मुदत मिळते, ती केव्हाच संपली. म्हणजे ग्रुपवर लिहूनच तो काढायला सांगावा लागेल. तिथे लिहायचं ते थोडक्यात आणि स्पष्ट: "मागच्या महिन्यात मी माझ्या मुलीची गोष्ट आणि फोटो तिला न विचारता इथे टाकला. मुलं तिला त्यावरून चिडवतात, तिला त्रास होतोय. कृपया फोटो आपापल्या फोनमधून काढा आणि मुलांना त्या नावाने हाक मारू नका म्हणून सांगा." हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह टाकू नका, नाहीतर बायका यालाही तुमची नवी गोष्ट समजतील. पण हा मेसेज पाठवायच्या आधी तो मुलीला दाखवा. ती म्हणेल, "नको, परत सगळ्यांना आठवेल." तसं म्हणाली तर पाठवू नका. ज्या तीन-चार घरांतली मुलं चिडवतात, त्या आयांना एकेकटं गाठून सांगा. त्या मुलांना खाली गाठून दम देऊ नका. तुम्ही वर आलात की त्याचं बिल तिच्या नावावर फाटणार.

नवरा म्हणतो ते दोन दिवस होऊन महिना लोटला. त्याला हे शांतपणे दाखवून द्या. मोठ्यांना जी गंमत वाटते ती मुलांना तेवढीच वाटते असं नाही, आणि हे फक्त डोंबिवलीत होतंय असंही नाही. अमेरिकेत मिशिगन आणि वॉशिंग्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २४९ कुटुंबांमधल्या १० ते १७ वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना घरातल्या फोनच्या नियमांबद्दल विचारलं होतं. आईवडिलांनी आमच्याबद्दल आम्हाला न विचारता टाकू नये, ही काळजी मुलांनी पालकांच्या दुपटीने बोलून दाखवली. ते २०१६ साल होतं. तेव्हापासून फोन आपल्या हाताला जास्तच चिकटलाय.

भोपळ्याचाही निकाल लावून टाका. तिने भाजी लपवली, कारण रिकाम्या डब्याला शाबासकी मिळते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा आठवड्यातल्या दोन दिवसांची भाजी तिला ठरवू द्या आणि उरलेली भाजी डब्यात परत आणायची मोकळीक द्या, तीही बोलणी न खाता. लाल भोपळा तिला घारग्यांत चालतो का ते विचारा. बऱ्याच मुलांना चालतो. मात्र सांगून करा, गुपचूप घालून मग "बघ, खाल्लास की नाही!" असं नको.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. गिरगावच्या चाळीत सामायिक गॅलरी, सामायिक नळ, शेजारच्या खोलीतली खाकरसुद्धा ऐकू येणार. तिथे कोणाच्या घरी काय शिजलं, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळ्यांना आपोआप कळायचं. अशा ठिकाणी माणसाकडे स्वतःचं म्हणून उरायचं ते एवढंच, जे आपण तोंडाने सांगितलं नाही. म्हणून त्या पिढीच्या बायका ते जिवापाड जपतात. त्यांच्या "घरातलं बाहेर कशाला" मागे हे आहे, असं मला वाटतं.

पण चाळीतल्या बायका बोलत नव्हत्या असं थोडंच आहे! नळावर बोलायच्या, गच्चीत पापड वाळत घालताना बोलायच्या. नवरात्रात हत्तीभोवती फेर धरून भोंडला खेळताना तर सासरच्या सगळ्या गोतावळ्याची टर उडवायच्या. त्या गाण्यांमधला तो वेडा नवरा आठवतो ना, बायकोने केलेल्या करंज्या होड्या समजून पाण्यात सोडणारा? पिढ्यान् पिढ्या बायका त्याला हसत आल्या आहेत. सासूबाईंना विचारा, त्यांना ही गाणी पाठ असतील. तेव्हा घरच्या गमतीला बाहेर हसायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फरक कुठे पडला ते बघा. नळावर सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नव्या गोष्टीखाली दबून जायची आणि तिला फोटो नसायचा. तुमच्या ग्रुपवरची गोष्ट तशीच्या तशी राहते. ती ज्यांच्यासमोर सांगितली त्यांचीच मुलं तुमच्या मुलीबरोबर खाली खेळतात आणि एकाच बसने शाळेत जातात. आईच्या फोनवरून मुलाच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून माझं मत सांगते. गाडीत सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर नको. गाडीत तुमच्या शेजारी बसणारी कळव्याची किंवा मुलुंडची बाई तुमच्या मुलीला रस्त्यात ओळखणार नाही. तिच्यापाशी मन मोकळं केलं तर त्याचा त्रास कोणाला नाही. लेडीज डब्याचं हे मोल मला फार मोठं वाटतं. १ जुलै १९९२ ला कल्याणपर्यंतची लेडीज स्पेशल सुरू झाली, त्याच्या जेमतेम दोन महिने आधी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली होती. तेव्हापासून, आणि त्याआधीही साध्या गाडीच्या लेडीज डब्यात, बायकांनी मटार सोललेत, गवार मोडलीय, संक्रांतीला हळदीकुंकू केलंय, दसऱ्याला डब्याला तोरण बांधलंय. सीएसएमटी ते डोंबिवली हे ४८ किलोमीटर अंतर आहे. सकाळच्या स्वयंपाकानंतर आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी बाईला स्वतःचं बोलायला मिळतं ते बरेचदा तेवढ्याच अंतरात. ते सोडा असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. फक्त तिथेही फोटो दाखवू नका आणि गाडीचा ग्रुप असेल तर तिकडे लिहू नका, तोंडाने सांगा.

कोणती गोष्ट सांगायची, याला माझ्या लेखी एकच कसोटी आहे. ज्याच्यावर हसू येतंय तो माणूस तिथे हजर असता, तर तो हसला असता का? "अरे देवा" म्हणून दार उघडणारी आई तुम्ही स्वतः आहात. खुशाल सांगा, सगळ्या जगाला सांगा. मला तर ती गोष्ट वाचून तुमच्या घरी यावंसं वाटलं. रात्री दहाला पोस्टमनची खाकी टोपी शोधणारं घर प्रत्येकीचं आहे. बाबांच्या जुन्या शर्टाला खाकी म्हणायचं की नाही यावर खल, पत्रं म्हणून विजेची जुनी बिलं, पिशवीला नाडी म्हणून ओढणी, हे ऐकताना डब्यातली प्रत्येकजण आपली रात्र आठवते. त्यात कोणी एकटा पडत नाही. बुरशीच्या गोष्टीत एकजण एकटी पडली.

धाकट्याचं एक सांगून ठेवते. पाच वर्षांच्या मुलाला उपरोध बहुतेक वेळा कळत नाही, तो शब्दांचा सरळ अर्थ धरतो. सगळे हसले एवढंच त्याला कळतं आणि तो खूश होतो. म्हणून पाहुण्यांसमोर "सांग ना, आई काय म्हणते ते परत सांग" असं त्याच्याकडून पुन:पुन्हा वदवून घेऊ नका. एकदा सहज बोलला, झालं. तो सात-आठ वर्षांचा झाला की त्याचीही संमती विचारायला लागा, म्हणजे ताईला जे सोसावं लागलं ते त्याला लागणार नाही.

आता जे तुम्ही मला विचारलेलं नाही, त्याबद्दल बोलायचंय. डाळीबद्दल.

"डावीकडची तूर!" वाचून मी मोठ्याने हसले. कुर्ल्याची गर्दी, हवेत धरलेला फोन आणि चार अनोळखी बायकांचं एकमुखी उत्तर, हे चित्र कितीतरी वेळ डोळ्यांपुढून हलेना. मग मनात आलं, या घरात वरण रोज होत असणार. लग्नाला बारा-तेरा वर्षं तरी झाली असतील. आणि घरातला कर्ता पुरुष, जो आठवड्यातले तीन दिवस त्याच स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर बसून काम करतो, त्याला डाळ ओळखता येत नाही. ती ओळखायला त्याला ऑफिसातून दमून निघालेली बायको फोनवर लागते. तुम्ही याची गोष्ट केलीत म्हणून ते सोसलं जातं, हे मला समजतं. पण किती वर्षं सोसायचं?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे तुमच्या नवऱ्यालाही वाचून दाखवा. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. घरकाम करणारे पुरुष देतात ८८. हा आकडा त्या पुरुषांचा आहे जे घरात काही ना काही करतात. जे काडीही हलवत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. आणि मिनिटांत न मोजलं जाणारं तर वेगळंच. गॅसचा नंबर लावला का, पाणी येणार नाही तो वार कोणता, मावशी सुट्टीवर गेल्या तर भांड्यांचं काय, पोस्टमन कोणत्या तारखेला व्हायचंय, हे सगळं कोणाच्या डोक्यात असतं? तुमच्या. कुर्ल्याच्या गर्दीतसुद्धा तुमच्याच.

नवरा वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाण्याकडे गेला, चुकीची डाळ आणण्यापेक्षा विचारलेलं बरं म्हणून फोन केला, म्हणजे करायची इच्छा आहे. तेव्हा त्याला ‘मदत’ सांगू नका, एक काम अख्खं सोपवा. मी तुमच्या जागी असते तर वाणसामान सोपवलं असतं. सोपवणं म्हणजे काय संपलंय ते त्याने डबे उघडून बघायचं, यादी त्याने करायची, त्याने आणायचं, त्याने निवडून डब्यात भरायचं. येत्या रविवारी सगळ्या डाळी ताटल्यांमध्ये काढा आणि बापाला ओळखायला बसवा. परीक्षक म्हणून मुलीला बसवा. तूरडाळ आणि चणाडाळ यांत तो चार वेळा गोंधळेल, मसूर सोडून कुठलीच ओळखणार नाही, धाकटा मूग जमिनीवर सांडेल. यात मात्र सगळ्यांनी मनसोक्त हसा, नवऱ्यानेही. त्यानंतर दुकानातून फोन आला तर उचलू नका. पहिल्या महिन्यात दोन किलो चणाडाळ जास्त येईल. पुरणपोळ्या करा, नाहीतर वाटली डाळ करा, खपेल. लगेच काम परत ओढून घेतलंत तर पुढची दहा वर्षं फोन येतच राहतील.

डबेसुद्धा वाटून घ्यायला हरकत नाही. तुमच्या भागात पोळी-भाजी केंद्रं पावलापावलावर आहेत. नवरा घरी असतो त्या तीन दिवसांपैकी एक दिवस पोळ्या तिथून आणायची जबाबदारी त्याची. सासूबाईंना ते रुचणार नाही कदाचित. तो विषय त्यांच्या मुलानेच त्यांच्याशी बोलावा, तुम्ही मध्ये पडू नका.

तुम्हाला रंगवून सांगता येतं, हे मी पत्रावरूनच सांगू शकते. ही चांगली गोष्ट आहे आणि ती ग्रुपवर उधळण्यापेक्षा एक वही घाला. तारीख टाकून लिहा, मुलांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहा, कारण "विज्ञानाचा प्रयोग आहे" हे तुम्हाला आज पाठ असलं तरी वर्षभराने त्यातला एखादा शब्द हमखास बदलेल. बुरशीची गोष्टसुद्धा त्यात असू द्या, पण मुलीला विचारून. वही कुलपात ठेवू नका, मुलांना वाचता येईल अशी ठेवा. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांना कळू द्या आणि नको असेल ते खोडायचा हक्कही द्या. तुमच्याबद्दल लिहायला त्यांना शेवटची पानं द्या. आई कोणत्या वेळी "अरे देवा" म्हणते, याची यादी त्यांच्याकडे तुमच्याहून मोठी निघेल.

आणि घरात तुमच्यावर हसायची मुलीला मोकळीक द्या. जेवायला बसल्यावर तिने बाबांना, आजीला आईची फजिती सांगावी आणि तुम्ही मध्येच "तसं नव्हतं ते" म्हणून दुरुस्ती करू नये. सध्या ती बोलत नाही म्हणता, तर सुरुवात सासूबाईंकडून करून घ्या. चाळीतल्या गोष्टी त्यांच्याकडे खूप असतील, आणि त्या गोष्टींतली माणसं आता लांब गेलीत. "घरातलं बाहेर नको" म्हणणारी आजी घरातल्या घरात किती खुलून सांगते ते बघा. मुलीचा आवाज कदाचित तिथेच पहिल्यांदा फुटेल.

ताज्या कलमात पालकसभेचं विचारलंय. बसमध्ये त्या नावाने चिडवणं चालू आहे, म्हणजे शाळेला कळायला हवं. पण शुक्रवारपर्यंत मुलीला विचारून घ्या: बाईंना सांगू का, आणि काय सांगू? "सांगितलंस तर बाई वर्गात सगळ्यांसमोर बोलतील" ही भीती तिला असणार. तेव्हा सभेत, बाकी पालक रांगेत उभे असताना हा विषय काढू नका. वेगळी पाच मिनिटं मागा, वर्गात नाव घेऊन बोलू नका अशी स्पष्ट विनंती करा, आणि बसमध्ये मुलांसोबत असणाऱ्या मावशींच्या कानावर घालायला सांगा. फोटोची हकीकत लपवू नका. चिडवणं कुठून सुरू झालं ते कळलं तर बाईंना आवरणं सोपं जाईल. मुलगी "अजिबात नको" म्हणाली तर पंधरा दिवस थांबा. तोवर चिडवणं थांबलं नाही, तर मात्र तिला तसं सांगून, तिच्या नकारावरही शाळेशी बोला, कारण ते थांबवणं मोठ्यांचं काम आहे.

सभेला नवऱ्याला बरोबर न्या. बोलायचं त्याने. वर्गशिक्षिकेचं नाव, तुकडी, बसचा नंबर आणि बसमध्ये मुलगी कुठे बसते, हे तुम्ही त्याला सांगू नका. शुक्रवारी रात्री त्याने लेकीजवळ बसून तिच्याकडूनच विचारून घ्यावं.